अभिप्रायाचा रकाना

“आधी त्यांना तोंडावर सांग, मग काय लिहायचं ते लिही,” असं नवरा दीड वर्षापूर्वी याच रस्त्यावर म्हणाला होता, आणि ती मागच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन फोनवर बोट चालवता चालवता “तू पुढे बघून गाडी चालव” एवढंच म्हणाली होती.

आजही तो पुढे बघूनच गाडी चालवत होता. समोरच्या काचेवर आतून वाफ धरत होती आणि ती बाळाच्या दुपट्याने पुसत होती. पुसलेल्या जागेतून समुद्राची राखाडी पट्टी दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. मागच्या सीटवर ठकी झोपली होती. आता ती पावणेदोन वर्षांची झाली होती आणि झोपेतही एक पाय सीटच्या पट्ट्याबाहेर काढायची.

“आपण धक्क्याकडे चाललोय ना?”

“हो.”

“मग डावीकडे का वळलास?”

“काकूंकडे उतरतोय. काल फोन केला मी त्यांना.” त्याने कान खाजवला. “दुसरीकडे कुठे खोली मिळेना.”

अशा पावसात किनाऱ्यावरची सगळी हॉटेलं ओस पडली होती. सकाळपासून ‘खोल्या रिकाम्या आहेत’ अशा तीन पाट्या लागल्या होत्या, त्यांतली एक तर तिनेच मोठ्याने वाचली होती. खोटं बोलताना नवरा कान खाजवतो, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण खोटं बोलण्यावरून त्याला काही म्हणावं, आणि तेही या रस्त्यावर, असं तिला वाटेना. तिने दुपट्याची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

हा रस्ता त्यांचा पाठ होता. लग्नाआधी मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात, लग्नानंतर दोनदा, एकदा ठकी पोटात असताना. तेव्हा दर अर्ध्या तासाला गाडी थांबवावी लागायची आणि नवरा म्हणायचा, “चला इन्स्पेक्टर, करा पाहणी,” कारण कुठल्याही स्वच्छतागृहात पाऊल टाकण्याआधी ती दारातून ते नीट न्याहाळायची. या खेपेलाही त्यांनी सगळं क्रमाने केलं होतं. दीपगृहाचं फाटक पावसामुळे बंद होतं, तर गजांतून बघून झालं. ज्या खडकावर दर खेपेला फोटो काढायचे, त्यावर लाटा चढत होत्या, तर गाडीतूनच फोटो काढला. फोटोत वायपर आला. “हा वायपरचा उत्तम फोटो आहे,” नवरा म्हणाला, आणि ती हसली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, काकूंचं घर यंदा आपोआपच गळलं.

काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, प्रयोगशाळा सांभाळली, आणि काका वारल्यावर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्या. आधीच्या त्या चारही खेपांना ही दोघं त्यांच्याकडेच उतरली होती. पाचव्या खेपेला ठकी चार महिन्यांची होती. दुपारी काकू वर्तमानपत्र वाचत पडल्या होत्या आणि ती पाणी गरम करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. दारातच वास आला. शेगडीचं एक बटण उघडं होतं. वर आच नव्हती. भिंतीपलीकडे ठकी झोपलेली.

तिने बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. दहा मिनिटं ओट्याला धरून उभी राहिली. मग काकूंच्या खोलीत जाऊन त्यांना हाक मारायची, एवढंच उरलं होतं. ती दारात दिसताच काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलंही, “काय गं, काही हवंय?”

“नाही,” ती म्हणाली. “हिला सर्दी झाल्यासारखी वाटतेय. आम्ही आजच निघतो.”

आणि मग गाडीत बसून फोनवर, पर्यटकांच्या त्या प्रसिद्ध पानावर, तिने लिहिलं: घर छान, पण मालकीणबाई विसरभोळ्या. गॅस उघडा राहिला होता आणि आमचं चार महिन्यांचं बाळ शेजारच्या खोलीत होतं. लहान मुलं असलेल्यांनी दहादा विचार करावा.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. आठशेच्या वर लोकांनी ‘उपयोगी’ म्हणून खूण केली. जी बाई तिथे कधी गेलीच नव्हती, तिने ‘तुमच्यामुळे आमचं बाळ वाचलं’ असंही लिहिलं. पहिले काही दिवस ती ते पुन्हा पुन्हा उघडून वाचायची. मग एकदा, सहा महिन्यांनी, उघडलं तर घराच्या नावाखाली नव्या कुणाचंच काही नव्हतं. तिचंच सगळ्यांत वर, जसंच्या तसं. तिने फोन उपडा ठेवला आणि आधीच घासलेली बाटली पुन्हा घासायला घेतली. पुसून टाकावं असं अनेकदा मनात आलं. पण पुसलं असतं तर का पुसलं ते स्वतःला सांगावं लागलं असतं.

गाडी फाटकाशी थांबली. काकू छत्री घेऊन उभ्याच होत्या, पायांत मापाबाहेरचे मोठे रबरी बूट, बहुधा काकांचे.

“या, या. किती भिजवलंत मला!” त्यांनी मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. “सर्दी गेली का गं हिची?”

तिला क्षणभर काही कळेचना. नवरा गाडीची किल्ली काढण्यात फारच गुंतला.

“गेली,” ती म्हणाली.

“चांगली दांडगी झालीय. सर्दीला पळवून लावलेलं दिसतंय.”

घर होतं तसंच होतं, फक्त जास्त आवरलेलं. माणसं वावरत नसली की घर जसं आवरलेलं राहतं तसं. पाहुण्यांच्या खोलीत चादरी ताणून घातलेल्या, उशीवर घडीची रेघ. ठकीने बूट काढायच्या आत पलंगावर चढून ती रेघ मोडली, तेव्हा काकूंना बरं वाटल्यासारखं दिसलं.

“मी चहा टाकते,” काकू म्हणाल्या.

“मी येते मदतीला,” ती घाईने म्हणाली, आणि आपली घाई काकूंच्या लक्षात आली असेल का, या विचाराने तिचे कान तापले.

शेगडीच्या वर भिंतीला तक्ता चिकटवला होता. पट्टीने आखलेला, शाळेतल्या प्रयोगवहीसारखा. वेळ, बटण एक, बटण दोन, रेग्युलेटर, सही. शेजारी दोऱ्याला पेन्सिल टांगलेली. रोजच्या चार ओळी, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे तीच वळणदार सही. मधल्या काही जागा रिकाम्या होत्या, त्यांच्याभोवती लाल गोल.

“हे काय हो काकू?” नवरा दारातून म्हणाला. तो उगाचच मोठ्याने बोलत होता.

“माझी परीक्षा. मीच मास्तर, मीच विद्यार्थी. गेल्या महिन्यात तीनदा नापास झाले.” काकूंनी काडी पेटवली, आच लागली, मग वाकून बघितली. “कुणीतरी लिहिलं होतं हो माझ्याबद्दल. मला कुठलं कळायला! औषधांच्या दुकानातल्या बाईने मोबाइलवर वाचून दाखवलं. चार दिवस घास उतरला नाही बघ घशाखाली. तीस वर्षं मी पोरांना बर्नर पेटवायला शिकवलं. शंभरदा ओरडायचे, आधी काडी, मग गॅस. आणि माझ्याच घरात...”

चहा उकळायला लागला. ती कपबशा पुसत होती, कोरड्याच होत्या त्या.

“मग म्हटलं, बाई, निरीक्षण बरोबर आहे ना? मग चिडायचं कशाला? लगेच तक्ता आखला.” काकूंनी आच कमी केली. “एकच मनाला लागलं. मला हाक मारायची ना. मी काय परगावी होते? एवढी का मी वाईट आहे, की सांगायचीही चोरी व्हावी?”

नवरा दारातून हळूच बाजूला झाला. ठकीला बघायला जातोय, असं काहीतरी पुटपुटला.

“तू असतीस तर सांगितलं असतंस,” काकू म्हणाल्या, आणि गाळणी तिच्या हातात दिली. “धर नीट. सांडेल.”

तिने चहा गाळला. थोडा सांडलाच.

जेवणं झाली. पाऊस लागूनच होता. नवरा ठकीला घेऊन आडवा झाला आणि तिच्याआधी झोपला. काकूंनी कपाटातून लांबडी वही काढली आणि टेबलावर तिच्यापुढे उघडली.

“नोंद राहिली. नियम म्हणजे नियम.”

पाहुण्यांची वही. नाव, माणसं, वय, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना अभिप्रायाचा. पानावर शेवटची ओळ तिच्याच अक्षरात होती. दीड वर्षापूर्वीची तारीख. वयाच्या रकान्यात: बाळ, ४ महिने. अभिप्रायात: घरच्यासारखं वाटलं! पुन्हा नक्की येऊ! दोन्ही वाक्यांना उद्गारचिन्हं. त्या ओळीखाली काहीच नव्हतं. पानाच्या तळापर्यंत निळ्या रेघा.

“त्याच्याच खाली लिही,” काकू म्हणाल्या. त्यांचं बोट त्या ओळीवरून सावकाश, ४ महिन्यांवरून, उद्गारचिन्हांवरून, पुढे गेलं आणि रिकाम्या रेघेवर थांबलं. “तारीख आजची.”

तिने वर पाहिलं. काकू स्वेटरच्या टोकाने चष्मा पुसत होत्या. चष्म्यावाचून त्यांचे डोळे लहान दिसत होते आणि त्यांत काय होतं ते तिला वाचता येईना. बोट तिथून गेलं ते ठरवून, की सवयीने? त्यांना हे आठवत होतं, की दुपारी आपण काय बोललो तेही आता आठवत नव्हतं? यातलं कुठलं बरं, हेही तिला ठरवता येईना. तिने नाव लिहिलं, माणसं तीन लिहिली, वय लिहिलं. पेन शेवटच्या रकान्यावर गेलं.

“तो जाताना लिहायचा,” काकू म्हणाल्या. “आधीच लिहिलेला मी धरत नाही.”

सकाळी पाऊस उघडला नव्हता, नुसता बारीक झाला होता. नवरा सामान गाडीत ठेवत होता. काकू ठकीला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या आणि लाटा मोजत होत्या. सातनंतर ठकी परत एकवर यायची आणि काकू खो खो हसायच्या.

“काकू, ते मागच्या वेळी...”

“तक्ता बघ गं जरा,” काकू मागे न वळता म्हणाल्या. “सकाळची सही केलीय का मी? मघापासून आठवून बघतेय, आठवेना.”

ती आत गेली. सकाळची ओळ कोरी होती. तिने दोन्ही बटणं हाताने फिरवून पाहिली, वाकून रेग्युलेटर पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला. सगळं बंद होतं. काकूंनी आठवणीने बंद केलं होतं, फक्त केल्याचं आठवत नव्हतं.

“सही नाही, पण सगळं बंद आहे,” ती आतूनच म्हणाली.

“डोळ्यांनी पाहिलंस?”

“हाताने पण.”

“मग तूच कर सही.”

त्या वळणदार सह्यांच्या खाली तिची सही परक्यासारखी दिसली. पेन्सिल दोऱ्याला लटकत राहिली. ती बाहेर आली आणि टेबलावरची वही ओढून बसली. बाहेर नवऱ्याने डिकी लावल्याचा आवाज झाला. तो दारात येऊन उभा राहिला, तिला लिहिताना पाहिलं, आणि पायपुसण्यावर पाय पुसत तिथेच थांबला. गरजेपेक्षा पुष्कळ वेळ पुसत राहिला.

तिचं लिहिणं रकान्यात मावलं नाही. ते खालच्या ओळीत उतरलं, मग त्याच्या खालच्या. एकदा तिने खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. संपलं तेव्हा तिने वही काकूंपुढे सरकवली.

“चष्मा आत राहिलाय,” काकू म्हणाल्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. “तूच वाच.”

ठकी लाटा सोडून आईकडे बघायला लागली. तिने वही दोन्ही हातांत धरली. मग वाचलं:

“वरच्या ओळीतला अभिप्राय खोटा आहे. तोही मीच लिहिला. गॅस उघडा दिसला तेव्हा मी काकूंना हाक मारली नाही. बाळाला सर्दी झाली म्हणाले आणि पळाले, आणि जगाला सांगितलं. सर्दी झालीच नव्हती. यानंतर या घरी जे उतरतील, ज्यांच्या हाती ही वही येईल, त्यांना विनंती. आल्या आल्या स्वयंपाकघरात जा. शेगडी बघा, तक्त्यावर सही करा, आणि जे दिसलं ते काकूंना सांगा, चांगलं असो की वाईट. मग त्यांना विचारा, तुम्ही कशा आहात. त्या आधी तुमच्याच तब्येतीची चौकशी करतील. ती होऊ द्या, आणि पुन्हा विचारा.”