काही नाही, घरीच असते

पाहणीवाली बाई दारात आली तेव्हा माझ्या मांडीवर शर्टांचा ढीग होता. वस्ती पाडून इमारती होणार होत्या. यादीत ज्यांचा धंदा लागेल त्यांना तळाशी कामाचा गाळा, बाकीच्यांना वर नुसती खोली. तिने विचारलं, "तुम्ही काय करता?"

सुई न थांबवता मी म्हणाले, "काही नाही, घरीच असते."

सोळा वर्षं हाताने शर्टांची काजं करतेय मी. गल्लीतल्या माझ्यासह अकरा जणींनी हेच सांगितलं. तसंच सांगायची जिभेला सवय.

यादी लागली, त्यात आमचं कामच नव्हतं. शर्ट आणून देणारा ठेकेदार म्हणाला, सात मजले गठ्ठे चढवायला मी येणार नाही. म्हणजे गाळा नाही तर काम नाही. यादीच्या दुरुस्तीला शनिवारपर्यंत मुदत होती. ठेकेदाराकडे आम्ही त्याचं काम करतो अशी चिठ्ठी मागितली तर त्याने कानांवर हात ठेवले. जाऊबाई म्हणाल्या, बैल गेला नि झोपा केला, आता बस जप करत.

जप मी केलाच, रोजच्यासारखा. मग टोपली उचलून पाहणीच्या कचेरीत गेले.

कारकून म्हणाला, पुरावा आणा. मी बाकावर बसून काजं करू लागले. इथे शिवणकाम चालत नाही, असं त्याने दोनदा बजावलं. घरी केलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून इथे आणलंय, असं मी हळूच सांगितलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, साहेब, तुमचं तिसरं बटण तेवढं लावून घ्या. कारकुनाने पोटावर फाईल धरली.

दुसऱ्या दिवशीही गेले. शनिवारी कचेरीतल्या मोठ्या अधिकारी बाई बाहेर आल्या, एक काज नखाने ओढून पाहिलं. दिवसाला किती करता, विचारलं. चाळीस, डोळे दुखले तर तीस.

"मग पाहणीत 'काही नाही' असं का सांगितलंत?"

"चूक माझीच. ती सुधारायलाच मुदत दिलीय ना?"

त्यांनी कारकुनाला खूण केली. माझ्या नावापुढे धंदा लिहिला गेला. त्याने पेनाला टोपण लावलं, तरी मी उठले नाही.

"अजून दहा जणी आहेत."

"त्यांनी स्वतः यायला हवं."

"बाहेर पायरीवर बसल्यात. टोपल्या घेऊन."

त्याने उसासा टाकून टोपण काढलं. सगळ्यात आधी जाऊबाई आत आल्या. काय करता, त्याने विचारलं.

"काही ना..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला, आणि टोपली त्याच्या टेबलावर ठेवली. "काजं करते. वीस वर्षं. लिहा."