चार बोटं वाढलेलं कासव

उजाडायच्या आत किनाऱ्यावर झुंबड उडाली होती. बर्फ कारखान्याचे मालक, बँकेतले साहेब, दोन वकील, सगळे चपला हातात घेऊन माना लांबवत उभे. वाळूतल्या खड्ड्यात कासवाची मादी अंडी घालत होती आणि तिच्या शेजारी कासवबाबा पुटपुटत होते. बाबा पूर्वी विमा विकायचे. माल बदलला, जीभ तीच.

"मंत्र टाकला, माता थिजली! पाठीवर हात ठेवतो, हलते का बघा!"

हलली नाही. गर्दीने श्वास रोखला.

"पंधरवड्यापूर्वी माझ्या हाकेला हीच आली होती. कडेचा हा टवका ओळखा. तेव्हा काठीने मोजली, ही खूण. माझ्या कृपेने किती वाढली, आज टेपने मोजतो. शास्त्राचं माप! मग तरी पटेल ना?"

मऊ टेप पाठीवरून फिरली, मग काठीला लागली. खुणेच्या पुढे चार बोटं! वकिलांनी आधी हात जोडले. उलटतपासणी बहुधा कचेरीत ठेवून आले होते.

माझी ताई पुढेच होती. कडेवर नऊ वर्षांची लेक, दिसायला पाचाची. गळ्यातली ग्रंथी मंद, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी लावलेली. बाबांनी ती दोन महिन्यांपूर्वी बंद करवली. गोळीने म्हणे कृपा अडते.

"ताई, गोळी सुरू कर गं."

"गप रे! मुकं जनावर वाढतं, माझी पोर नाही वाढणार?"

डॉक्टरीणबाईंना मीच अंथरुणातून उठवून आणलं होतं. सगळ्या गर्दीत चपला फक्त त्यांच्या पायांत होत्या. त्या पुढे झाल्या.

"बाबा, एवढी शक्ती तुमच्याही अंगात मुरली असेल. जरा आडवे व्हा. मोजू या."

स्तुती म्हटल्यावर बाबा लगेच आडवे. बाईंनी शेजारी काठी धरून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत खूण केली. मग तेच अंतर टेपने घेतलं. टेप बाबांच्या पोटावर चढली, दम खाऊन पलीकडे उतरली.

"अभिनंदन! पडल्या पडल्या वीतभर वाढलात!"

पहिली हसली ती भाची. मग सगळा किनारा.

"काठी सरळ जाते, टेप फुगवट्यावरून," बाई म्हणाल्या. "अंडी घालू लागलेली मादी वर्षभरातही जेमतेम वाढते. एका हंगामात ती पुन्हापुन्हा येते, कुणी न बोलावता. अंडी घालताना तिला कशाचंच भान नसतं, म्हणून हात लावला तरी हलत नाही."

एवढ्यात अंडी घालून झाली. मादी वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा बुजवू लागली आणि वाळूचा फवारा थेट बाबांच्या तोंडावर.

"मंत्र सुटला वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

"नास्तिकांमुळे कोपली!" बाबा थुंकत म्हणाले आणि टेप तिथेच टाकून पळाले.

ताई मात्र हसली नाही. "बाई, दोन महिने गोळी नाही दिली. नुकसान झालं का हो?"

"झालं. वाढीचे गेलेले दिवस सगळे भरून निघतीलच असं नाही. पण पुढचे आपल्या हातात आहेत. आजच सुरू करा."

ताईने पोरीला छातीशी धरलं आणि गर्दीतून वाट काढत घराकडे चालू लागली, जवळजवळ धावतच.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तोंड उघडा. दोन्ही वेळा एकाच साधनाने मोजलंत का, एवढंच विचारा. उत्तराऐवजी शाप मिळाला, तर पोराला उचला आणि दवाखाना गाठा.