काळ्या गाडीवरचे ओरखडे

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आईच्या पायाला भिंगरी लागली. डॉक्टरांनी विश्रांती बाबांना सांगितली होती, पण एका जागी बसवेना ते आईला. पडदे धुऊन झाले, माळा आवरून झाला, बरण्यांची झाकणंसुद्धा घासून झाली. तिसऱ्या आठवड्यात ती बादली घेऊन खाली उतरली आणि बाबांची काळी गाडी धुऊन आली. भांड्यांच्या घासणीनं.

गाडी ओली होती तोवर काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा तिनं मला मनगटाला धरून खाली नेलं. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, आणि पार्किंगच्या भिंतीच्या उलट बाजूला, दारावर, एक लांब खोल रेघ.

"रविवारी ते पहिल्यांदा जिना उतरणार आहेत," आई म्हणाली.

"आई, गाडीच आहे ती."

"तू त्यांना काही सांगू नकोस. छातीचे टाके अजून ओले आहेत."

बाबा कसे होते ते मला माहीत होतं. गाडीत बसण्याआधी ते पाहुण्यांनाही चपला झटकायला लावायचे.

गाड्यांच्या रंगाचं सामान विकणाऱ्या दुकानात एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी पॉलिश करायची दोन मशीनं काउंटरवर ठेवली.

"हे नुसतं गोल फिरतं. काम झटपट, पण एका जागी जरा जास्त थांबलात तर रंग जाळतं. हे दुसरं फिरता फिरता डुलतं. वेळ खातं, पण तुमची चूक पोटात घालतं."

"मला झटपट हवंय," आई म्हणाली.

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात पावतीपुस्तकाचा कोपरा दुमडत होते, उलगडत होते, पुन्हा दुमडत होते.

"मग तुम्ही दुसरंच न्या," बाई म्हणाल्या. मशीनबरोबर त्यांनी मऊ स्पंजचे पॅड दिले, पॉलिशची बाटली दिली आणि एक सल्ला दिला. "ओरखड्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो फार खोल गेलाय. त्याच्या नादी लागू नका."

शुक्रवारी सकाळी मी गाडीच्या कडांना आणि रबराला कागदी टेप लावला. आईनं बॉनेटच्या एका चौकोनावर पॉलिशचे चार थेंब टाकले आणि करपलेलं पातेलं घासावं तसं मशीन दाबलं. पॅड फिरायचाच थांबला. नुसतं थरथरत राहिला. मी त्याच्या कडेला पेननं खूण केली, म्हणजे फिरतोय की नाही ते कळेल.

"दाबू नकोस. त्याचं वजन त्याला पुरतं. आणि हळू."

"हळूच करतेय."

ती झाडू मारल्यासारखी करत होती. मध्येच वरून बाबांचा फोन आला, कसला आवाज येतोय म्हणून. खालच्यांचं काहीतरी चाललंय, असं आईनं बेधडक सांगितलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत बॉनेट, छत आणि दोन्ही बाजू झाल्या. ओरखडे गेले होते. राहिली डिकी, आणि दारावरची ती रेघ. तिथे नख अडकत होतं.

रविवारी जाग आली तेव्हा आई अंथरुणात नव्हती. मी खाली धावले. ती दारावर तीच ती जागा घोटत बसली होती. मी पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"बंद कर. रंग जाईल."

तिला ऐकूच गेलं नाही. मी प्लग खेचला.

ती उपड्या बादलीवर बसली. ऑपरेशनच्या दिवशी जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते सगळं आता आलं. "आत नेताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली," ती म्हणाली. "सांभाळ म्हणाले. एवढंच म्हणाले."

मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

अकराच्या सुमारास बाबा उतरले, दर पायरीला एक श्वास घेत. गाडीभोवती फिरले. दाराशी थांबून त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"मी घासणीनं धुतली," आई भरभर बोलून गेली. "बाकीचं काढलं. हे निघत नाही."

बाबांनी बोट रेघेच्या टोकापर्यंत नेलं. मग म्हणाले, "हे तुझं नाही. मागच्या वर्षी मीच फाटकाला घासली होती. तुला कळू नये म्हणून ही बाजू कायम भिंतीकडे करून लावायचो."

हॉस्पिटलमधून येताना गाडी मी आणली होती. लावलीही मीच, उलटी.

"वर्षभर?" आईनं विचारलं.

"चौदा महिने."

"आणि मी तीन दिवस जिवाचा आटापिटा करतेय."

"डिकी राहिली वाटतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी मशीनकडे हात नेला. आईनं ते उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"बसा तिथे. तोंड चालवा हवं तर, हात नाही."

ते बादलीवर बसले आणि सूचना देऊ लागले. आई प्रत्येक सूचनेला "कळतं मला" म्हणत होती आणि करत मात्र तसंच होती. पॅडवरची खूण संथ, सलग फिरत होती. दहा मिनिटांत वर जायचं ठरलं होतं. पाऊण तास झाला तरी आमच्यापैकी कुणी घड्याळ पाहिलं नाही.