थिबोंच्या घरातली सरळपायी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुमचे दोन्ही पाय एका लांब फळीला बांधले आहेत. फळीखाली बर्फ, बर्फाखाली उतार. तुम्ही आडवे उभे आहात. एक खांदा खाली पायथ्याकडे, दुसरा वर माथ्याकडे. आता सांगा, तुमचा कोणता पाय पुढे आहे? डावा की उजवा? घाई करू नका. व्हरमाँटमधल्या आमच्या टेकडीवर एका मुलीला याचं उत्तर सापडायला अख्खा हिवाळा लागला.

तिचं नाव डेल्फीन थिबो. आमच्याकडे थिबो म्हटलं की लोक आधी पायांकडे बघतात. स्नोबोर्डवर बहुतेकांचा डावा पाय पुढे असतो. उजवा पुढे ठेवणाऱ्यांना आम्ही 'गूफी' म्हणतो, म्हणजे वेंधळे, उलटपायी. थिबोंच्या घरात सगळेच उलटपायी. आजोबा, आत्या, झाडून सगळे. डेल्फीनचे वडील रेमी तर छाती फुगवून सांगतात, "आमच्या घराण्यात सरळ माणूस जन्मालाच येत नाही!"

शरद ऋतूत शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या सामानाची विक्री भरते. तिथं डेल्फीनला जांभळा बोर्ड मिळाला. त्यावरची बाइंडिंगं, म्हणजे पाय फळीला जखडणारे पट्टे आणि टाचेमागची उंच पाठ, तिच्याहून वयानं मोठी होती. पण ती आधीच उजवा पाय पुढे येईल अशी लावलेली होती.

"बघ," रेमी म्हणाले, "बोर्ड एखाद्या थिबोचीच वाट बघत होता."

त्यांनी ती तशीच ठेवली. डेल्फीन खूश झाली.

दर शुक्रवारी दुपारी शाळेची मुलं टेकडीवर येतात. खालच्या उतारावर त्यांना शिकवणाऱ्या ऑर्कटबाई उभ्या असतात. त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना वळून दाखवायचं आणि नारिंगी दोरीपाशी थांबायचं. जमलं की तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसून माथ्यावर जाता येतं. डेल्फीनला रविवारी पापांबरोबर माथ्यावरून उतरायचं होतं. त्या रविवारनंतर पाळणा बंद होणार होता, पुढच्या हिवाळ्यापर्यंत. आणि हा शेवटचा शुक्रवार होता.

डेल्फीन निघाली, पहिल्या वळणाला फिरली आणि धप्पकन बसली. उठली, पुन्हा बसली.

"अगं, ते पट्टे डायनासोरच्या पायातले आहेत का?" वर्गातला हॉलिस ओरडला.

"तुझ्या पायात नवे आहेत, तरी मागच्या शुक्रवारी कुंपणात कोण शिरलं होतं?" डेल्फीन म्हणाली. पण डोळे भरून आले होते.

ऑर्कटबाईंनी तिला शेकोटीच्या खोलीत नेलं. बोर्ड बाकावर आडवा ठेवला. घोट्यावरचा दातेरी पट्टा त्यांनी दोन बोटांत धरून हलकेच वाकवला. मधोमध पांढरी रेघ उमटली.

"दिसली?"

"हो."

"जुनं प्लॅस्टिक उन्हानं आणि थंडीनं म्हातारं होतं. तुटण्याआधी ते अशी रेघ दाखवतं. म्हणून हिवाळा सुरू व्हायच्या आधी घरात, उबेला बसून प्रत्येक पट्टा वाकवून बघायचा. उतारावर नाही."

"म्हणजे चूक माझी नव्हती! पट्ट्याची होती!"

"असेलही," बाई म्हणाल्या. त्यांच्या खोक्यात मोडक्या बाइंडिंगांचे चांगले पट्टे साठवलेले होते. त्यातला एक त्यांनी डेल्फीनच्या हातात दिला. तिनं तो स्वतः बसवला आणि पळतच बाहेर गेली.

पहिल्याच वळणाला पुन्हा धप्प.

ती परत आली तेव्हा रागानं लाल झाली होती. "बाई, दुसरी बाइंडिंगं द्या. नवी. कुणाची पण."

"नवी याला बसणारच नाहीत. जुन्या बोर्डाला तीन भोकं असतात, नव्या बाइंडिंगांना चार लागतात. हा बोर्ड आणि ही बाइंडिंगं एकमेकांनाच सांभाळून घेणार." बाई उठल्या. "जरा त्या खिडकीकडे बघ बरं, बाहेर कोण आलंय?"

डेल्फीननं पाहिलं. बाईंनी मागून तिला हलकेच ढकललं. ती तोल सावरत एक पाऊल पुढे गेली.

"बाई! हे काय?"

"कोणता पाय पुढे पडला?"

डेल्फीननं खाली बघितलं. डावा.

"चुकून पडला. परत ढकला."

बाईंनी परत ढकललं. डावाच.

"तुम्ही वाकडं ढकलता!"

"मग तूच कर. बूट काढ आणि मोज्यांवर या फरशीवर घसरून दाखव."

डेल्फीन धावत आली आणि गुळगुळीत फरशीवर घसरत गेली. भिंतीपाशी थांबली तेव्हा डावा पाय पुढे होता. ती बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"पण मी थिबो आहे," ती हळूच म्हणाली.

"आहेसच की."

"पापांना काय सांगू? रविवारी त्यांच्यासोबत जायचंय, आणि मी... मी सरळ निघाले!"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "पायांना आडनाव नसतं, बाळ. काय करायचं ते तू ठरव. पाना-पेचकस इथं आहे."

बाई मग चहा करायला गेल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण मोठ्या माणसांना अशा वेळी बाजूला होणं फार जड जातं.

डेल्फीननं पेचकस उचलला. एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. डावं बाइंडिंग पुढे आणलं, उजवं मागे नेलं. बकला बाहेरच्या बाजूला आल्या का ते पाहिलं, नाहीतर पाय फिरवताना त्या एकमेकींत अडकतात. सगळे स्क्रू आवळले. बाईंनी कपावरून डोकावून एवढंच म्हटलं, "एकदा घसरून आलीस की परत आवळ. जुन्या भोकांतले स्क्रू पहिल्या फेरीत सैल होतात."

बाहेर ती आधी पडलीच. हॉलिस काही बोलणार होता, पण तेवढ्यात ती उठून डावीकडे वळली, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. नारिंगी दोरीपाशी येऊन ती थांबली आणि तोंड उघडं टाकून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. ऑर्कटबाईंनी तिच्या कोटाला माथ्यावर जाण्याचा बिल्ला लावला.

रविवारी रेमींनी गाडीतून बोर्ड काढला आणि भुवया उंचावल्या.

"हे कुणी उलटं लावलं?"

"मी लावलं. आणि उलटं नाही पापा, सरळ लावलंय. मी... डाव्या पायाची आहे." तिनं एका दमात सांगून टाकलं.

रेमींनी बोर्ड खांद्यावर घेतला. पाळण्यात ते वाकून तिच्या बाइंडिंगांकडेच बघत होते. डेल्फीन हातमोज्याचं टोक चावत बसली. माथ्यावर दोघं वाकून मागच्या पायाचे पट्टे आवळू लागले.

"आत्याला कळलं तर ती मला हसून हसून हैराण करेल," रेमी शेवटी म्हणाले. "सरळपायी थिबो! बरं, तू माझ्या डावीकडून ये. मी सावकाश जातो."

दोघं निघाले. आणि तेव्हा एक गोष्ट झाली, जी रेमींच्या बाबतीत इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती. थिबो सगळे एकाच बाजूला तोंड करून उतरतात. एकाला दुसऱ्याची फक्त पाठ दिसते. पण रेमींचं तोंड डावीकडे होतं आणि डेल्फीनचं उजवीकडे. मान वळवली की समोर पापा, अगदी हाताच्या अंतरावर, नाक लाल, मिशीवर बर्फ.

"अरे वा!" रेमी वाऱ्यात ओरडले. "तू दिसतेस की!"

डेल्फीननं पापांना जीभ काढून दाखवली, गुडघे वाकवले आणि त्यांच्या आधी वळण घेतलं.