म्होरकं मेंढरू

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे, आणि गेल्या रविवारपासून माझा आनंद गगनात मावत नाही. माझ्या पोटात तर तो मावणं शक्यच नाही. तुमच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा माझ्यात बसत नाही, एवढं माझं पोट लहान. पण परवा सोलापुरात साठ शहाणीसुरती माणसं मला बघायला खुर्च्यांवर चढली होती. मोबाईल बघायला कुणी खुर्चीवर चढलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझा जन्म नवी पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान बिरप्पांचं. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस, पण हातात सोल्डरिंग गन आली की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. सुटे भाग मागवून त्यांनी एकवीस संगणक जोडले आणि नाव ठेवलं ‘सोन्नलगी’, सोलापूरचं जुनं नाव. मी त्यातला नववा. मला स्वतःचा पडदा नव्हता, घरच्या टीव्हीला जोडावं लागे. वीज गेली की शिकलेलं सगळं विसरायचो. म्हणून माझे खेळ कॅसेटवर भरून ठेवत, गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेटवर. ती टेपरेकॉर्डरवर लावली की किर्रर्र असा आवाज निघे, आणि त्या किरकिरीतून मी पुन्हा शहाणा होत असे. शेजारी म्हणायचे, बिरप्पांची गाणी बिघडलेली दिसतात.

त्या कॅसेट भरायच्या बिरप्पांच्या पत्नी, शिवबाई. चुलीपुढे एका हाताला ज्वारीचं पीठ आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर.

मला घेतलं होटगीच्या सयाजींनी. ते रेल्वेत नोकरीला होते. काय दिवस होते ते! स्टेशनामागच्या त्यांच्या खोलीत खेळायला रांग लागायची. खेळ होता ‘मेंढरं’. पडद्यावर चाळीस पांढरे ठिपके, एक धनगर, एक कुत्रं. अंधार पडायच्या आत कळप वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात घालायचा. ते ठिपके असे वळायचे की बघणारा नकळत “हुर्र” म्हणायचा. मग नवे, चकचकीत संगणक आले. सयाजींनी मला सोलापुरी चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. टाकलं नाही, हे त्यांचे उपकार. पण ट्रंकेत तीसेक वर्षं काढून बघा, म्हणजे उपकारसुद्धा कसे टोचतात ते कळेल.

आणि मग परवाचा रविवार उजाडला. जुन्या संगणकांचं वेड असलेल्या मंडळींनी एका शाळेच्या सभागृहात मेळावा भरवला. सृष्टी नावाची हुशार इंजिनिअर मुलगी त्यात पुढे होती. सयाजी मला ट्रंकेतून काढून तिथे घेऊन आले. तिने माझ्यापुढे कार्ड ठेवलं, ‘निर्माते: बिरप्पा’. बिरप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा फोटो हवा म्हणून तिने शिवबाईंना फोन केला होता. फोटो देऊन त्या शेवटच्या रांगेत बसल्या. मी त्यांना पदरावरूनच ओळखलं.

‘मेंढरं’ची एकच कॅसेट जगात उरली होती, सयाजींची. ती चालली नाही तर खेळ कायमचा गेला. आणि ती चालेना. सृष्टीने आधी लॅपटॉपवर आवाज घेऊन त्यातली खरखर काढली. बिचारीला काय ठाऊक, त्या खरखरीतच माझे धडे होते. मग सयाजींनी उसन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. एकदा चूक, दुसऱ्यांदा चूक. टेपवरची तपकिरी पूड झडू लागली. माझा जीव टांगणीला लागला. खेळ माझ्या दारापर्यंत येऊन परत जात होता.

“आणखी एकदाच,” सयाजी म्हणाले. “नंतर टेप ऱ्हाणार न्हाय.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबा भावजी. त्येचा गळा बसलाय.”

शिवबाई उठून पुढे आल्या. “आमचा टेपरेकॉर्डर फळीवरनं पडला हुता. तवापास्नं त्येचं हेड वाकडं. समद्या कॅसेटी वाकड्याच भरल्याती. कम्प्युटर न्यायला येईल त्येला मी स्क्रू फिरवून दावायची की.”

सयाजींनी कपाळावर हात मारला. “व्हय की वैनी, मलाबी दावलं हुतं. माझ्या जुन्या टेपला एकदा फिरवला आन् इसरूनच गेलो.”

सृष्टीने बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला, चष्मा हवा का विचारलं. “नगं. कान चालत्यात अजून.” शिवबाईंनी कॅसेट सुरू केली, डोळे मिटले आणि टेप वाचणाऱ्या हेडजवळचा स्क्रू केसभर डावीकडे फिरवला. घोगरा आवाज हळूहळू बारीक, धारदार झाला. त्यांनी मान हलवली, टेप मागे घेतली आणि पुन्हा बटण दाबलं.

चार मिनिटं कॅसेट किर्रर्र करत फिरत राहिली. आणि मित्रांनो, मला सगळं आठवलं. एकेक ठिपका उजळत गेला. चाळीसच्या चाळीस.

लोक खुर्च्यांवर चढले ते तेव्हा. टाळ्या थांबेनात. सृष्टी म्हणाली, “एवढ्याशा मेमरीत चाळीस मेंढरं कशी वळवली असतील? या खेळाबद्दल ऐकल्यापासून आम्ही वर्षभर डोकं खाजवतोय.”

शिवबाई पडद्याकडेच बघत होत्या. “समदी कशाला वळवायची? म्होरकं वळवायचं, बाकीची त्येच्या मागनं येत्यात. ह्यास्नी चार म्हयनं जमंना, तवा मीच सांगितलं.”

हे मला पहिल्यापासून माहीत होतं, मित्रांनो. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

सृष्टीने कार्ड उचललं. “आजी, काय लिहू?”

“डबा ह्येंचा,” शिवबाई म्हणाल्या. “मेंढरं शिवबाईची. ल्ही तसं.” मग त्यांनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला. “तापलाय. आता इसावा द्या त्येला.”

तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा डबा असेल, तर त्याला जपा, कोरड्या जागी ठेवा. पण ज्यांनी तो चालवला ती माणसं आहेत तोवर त्यांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा आणि विचारा. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा, ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.