सातवा आवाज

चिमीचा जीव पहाटेपासून थाऱ्यावर नव्हता. चाळिशी उलटली तरी मामांच्या लेखी ती चिमीच. ऑफिसच्या लेखी मात्र पाणपक्ष्यांची मोजणी करणाऱ्या बाई. कारखान्यामागचं तळं बुजवून तिथे गोदाम व्हायचं होतं. लव्हाळ्यात तपकिरी पाणकोंबडी निघाली तरच तळं वाचणार होतं. ही बया मोठी लाजाळू, दिसायचं नाव घेत नाही, ओळखायची ती आवाजावरूनच. म्हणून स्पीकरवर तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवायचं आणि उत्तर येतंय का ते ऐकत बसायचं. चार दिवस काही आलं नव्हतं. आज शेवटचा दिवस, आणि दुपारी अहवाल द्यायचा होता.

बांधावरच्या खोलीत मामा राहत. तळ्याचे जुने राखणदार. पक्ष्यांचे आवाज चिमीला त्यांनीच शिकवलेले. तळं गेलं तर ती खोलीही जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण विषय कुणीच काढत नव्हतं.

चिमीने स्पीकर वाजवून बंद केला. आणि लव्हाळ्यातून उत्तर आलं!

तिने कागदावर 'आहे' लिहिलं. आनंदाने डोळे भरून आले. उत्तर पुन्हा आलं. सहा खणखणीत आवाज आणि सातवा फुटका. तिसऱ्यांदाही अगदी तसंच. जिवंत पाखरू कधी पाचदा ओरडेल, कधी नऊदा; दर वेळी सातवा फोडणारं एकच तिला माहीत होतं, ते तिच्या स्पीकरमधलं.

ती तरातरा बांधावरून पलीकडे गेली. मामा गुडघाभर पाण्यात उभे, पँट भिजलेली, तोंडापाशी हाताचा द्रोण.

"मामा! या वयात ही थेरं? माझी नोकरी जाईल ना!"

"अगं, पण जमलं होतं की नाही?"

"हुबेहूब रेकॉर्डिंगसारखं. सातवाही तसाच फोडलात."

मामांनी मान खाली घातली. "माझा सातवा फुटतोच गं, पहिल्यापासून. ऑफिसवाल्यांनी बारा वर्षांपूर्वी तिचा आवाज भरून घ्यायला यंत्र दिलं होतं. यंत्र लावलं की कोंबडी गप्प. आठ दिवस थांबलो, कंटाळलो आणि मीच ओरडून दिलं."

चिमी मटकन बांधावर बसली. म्हणजे बारा वर्षं प्रत्येक तळ्यावर ती मामांचा गळा वाजवत हिंडत होती! आणि पाखरू बोललं नाही की 'नाही' लिहून मोकळी होत होती. त्यातली किती तळी बुजली असतील, या विचाराने तिला मामांचा संताप आला आणि स्वतःची लाज वाटली.

"बाहेर या आधी," ती म्हणाली. "आणि आता तोंडातून ब्र काढायचा नाही."

तिने 'आहे' खोडलं. 'नाही' लिहायलाही हात धजेना. स्पीकर पिशवीत कोंबून ती मामांना खेटून बसली. पाय सारखे हलत होते, घड्याळाकडे बघायचं नाही म्हणता म्हणता तिने दहादा बघितलं. कारखान्याची पहिली पाळी आत गेली. ऊन लव्हाळ्यावर आलं.

आणि लव्हाळ्यातून आवाज आला. पाचदा. थोड्या वेळाने नऊदा.

चिमीने झटकन मामांच्या गळ्यावर हात ठेवला.

पुन्हा आवाज आला, आठदा. हाताखाली मामांचा गळा गप्प होता.