भंगारातून आलेला सर्व्हर

घरात नवी वस्तू आली की जुनी कधी दाराबाहेर जाते, हे आपल्याला कळतही नाही. अकोल्याचे खुशालराव तर यात पटाईत. त्यांच्या पतसंस्थेत नवे संगणक आले आणि चाळीस थिन क्लायंट, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या जिवावर चालणारे पुस्तकाएवढे डबे, भंगारात काढायचे ठरले. यादी खुशालरावांनीच केली. त्यातला एक सुनेने, दामिनीने, रीतसर मागून आणायला लावला. त्यांनी तो नाक मुरडतच आणला.

"काय करशीन वं या डबड्याचं?"

"आईंच्या रोपांचे फोटो ठेवीन, बाबा."

दामिनीच्या सासूची, लीलाबाईंची, भाजीच्या रोपांची नर्सरी होती. पाटीवर वाण, तारीख आणि नेणाऱ्याचं नाव लिहायचं, ती वाफ्यात ठेवून फोटो काढायचा, ही त्यांची सहा वर्षांची शिस्त. मोबाइल गच्च भरला होता. दामिनीने डब्यात जुन्या लॅपटॉपची डिस्क बसवली, संगणक चालवणारं, फुकट मिळणारं लिनक्स सॉफ्टवेअर टाकलं, डबा राउटरला जोडला आणि सगळे फोटो त्यात उतरवले. घरातल्या कुठल्याही मोबाइलवर फोटो दिसू लागले. लीलाबाई हरखल्या. मोबाइलमधले सगळे फोटो त्यांनी पुसून टाकले.

मे महिन्यात बार्शीटाकळीचे किसनराव आले. "वहिनी, तीन सालाआधी तुमच्याकडून नेली ना, तेच मिरची पुन्हा लावाची हाय. नाव काही आठवून नाई राहिलं."

लीलाबाईंनी मोबाइल उघडला. एकही फोटो दिसेना. कोपऱ्यातल्या डब्याचा दिवाही बंद होता. सहा वर्षांची मेहनत गेली!

"म्या सांगतलं होतं," खुशालराव बोलून गेले, "भंगार ते भंगारच."

लीलाबाईंचे डोळे भरून आले, तसं खुशालरावांना आपल्याच बोलण्याचं वाईट वाटलं.

दामिनीने डबा पाहिला आणि तिला हसूच आलं. टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांच्यासारखं लीलाबाईंनी यालाही हौसेने क्रोशाचं जाड कव्हर घातलं होतं. डबा तव्यासारखा तापला होता.

"आई, याच्यात पंखा नाई. याले उघडंच ठेवा लागते."

"मले वाटलं, धूळ बसन बिचाऱ्यावर."

किसनरावांचा चहा होईपर्यंत डबा निवला. दामिनीने बटण दाबलं. दिवा लागला, फोटो आले. एका पाटीवर किसनरावांचं नाव आणि मिरचीचं वाण लीलाबाईंच्या ठसठशीत अक्षरात होतं.

"चूक माही बी हाय," दामिनी म्हणाली. "दुसरी प्रत केल्याबिगर आईंले फोटो पुसू द्याले नोको होते. आजच करतो. पन बाबा, हापिसाले कमी पडला म्हणून डबा निकामी झाला काय? आपल्या घराले तं तो पुरून उरला. यादी करतानी एक तरी डबा चालू करून पाह्यला होता काय?"

खुशालरावांनी एकही पाहिला नव्हता. चाळीस डब्यांच्या यादीवर त्यांनी एका दमात सही केली होती.

"बाकीचे अजून हापिसातच हायेत," ते हळूच म्हणाले. "सोमवारी सायबाले सांगतो, शाळांले, वाचनालयांले देऊ. पन त्याच्यात हे लिनक्स टाकतेत कसं? मले शिकवशीन काय, पोरी?"

त्या दुपारी खुशालराव सुनेपुढे वही घेऊन बसले. मंडळी, जुनं झालं म्हणजे संपलं, असं नसतं. टाकून देण्याआधी ते एकदा चालवून पाहावं, आणि आपल्याला येत नसेल तर घरात ज्याला येतं त्याला विचारावं. खुशालरावांनी विचारलं. त्यात त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही.